दोघांचा एक प्रोग्रॅम, नेट अन् लाइट अर्धवेळ: गिट कुठून सुरू करावं?

काळीमाती (दारव्हा तालुका, यवतमाळ)

राजेहो, गिटबद्दल (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) अगदी पहिल्या पायरीपासून मार्गदर्शन पायजे. आमच्या शेतकरी गटाच्या सोयाबीन-तूर खरेदीची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम आम्ही दोघं लिहितो आहोत. पायथन भाषा, वेब पानांसाठी फ्लास्क, आणि सगळा डेटा एसक्यूलाइट या डेटाबेसच्या एका फाइलीत. मी गावात डेस्कटॉपवर, विंडोज 10, इन्व्हर्टर नाही. जोडीदार तालुक्याला लॅपटॉपवर. नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट, तोही गच्चीवर गेल्यावर.

सध्या अख्खं फोल्डर झिप करून व्हॉट्सॲपवर इकडून तिकडे जातं. "खरेदी_नवीन", "खरेदी_नवीन_चालू", "खरेदी_फायनल_तोलाईसह" अशी फोल्डरं साचली आहेत. त्याने केलेला हमालीचा बदल माझ्या झिपखाली दबला, आणि आता कोणत्या फोल्डरात कोणाचं काय आहे ते दोघांनाही सांगता येत नाही.

व्हिडिओ बघितले तर पहिल्याच मिनिटाला गिटहबवर खातं उघडायला लावतात, मग पुश, पुल, ब्रँच एकदम अंगावर. नेट नसताना गिट चालतं का? सुरुवातीला किती कमांड पुरतात? दोघांनी एकाच फाइलीत हात घातला तर काय होतं? आणि डेटाबेसची फाइल गिटमध्ये टाकायची का? हिशोब तर सगळा तिच्यातच आहे.


पऱ्हाटी

चालतं. नेट लागतं ते फक्त दुसऱ्याला पाठवताना आणि दुसऱ्याचं घेताना. नोंद करणं, जुनं पाहणं, फरक काढणं, मागे जाणं हे सगळं तुमच्या डिस्कवरच होतं, कारण पूर्ण इतिहास प्रत्येकाच्या फोल्डरात असतो. लिनस टोरवाल्ड्सने 2005 मध्ये गिट लिहिलं ते लिनक्स कर्नलच्या कामासाठी. तिथं जगभरातले लोक आपापल्या मशीनवर काम करून नंतर एकत्र करतात. त्याआधीच्या सीव्हीएस, सबव्हर्जन या अशाच सॉफ्टवेअरांत नोंद करायलाच सर्व्हर लागायचा. गिटहब हे 2008 मध्ये आलेलं वेगळं प्रकरण आहे, गिटची फोल्डरं ठेवायची जागा. सुरुवातीला त्याला बाजूलाच ठेवा.

विंडोजवर "गिट फॉर विंडोज" टाका. इन्स्टॉलर शंभर एमबीच्या आत आहे, एकदा पेन ड्राइव्हवर घेतला की दोन्ही मशीनवर चालतो. (कुणाकडे अजून विंडोज 7 असेल तर 2.46 मालिकेच्या पुढचं गिट त्यावर बसत नाही.) त्यासोबत गिट बॅश येतं, काळी खिडकी. कमांड तिथंच द्या. मी इथं देवनागरीत लिहितो आहे, टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांतच करायचं.

आधी ओळख सांगा, मशीनमागे एकदाच:

गिट कॉन्फिग --ग्लोबल यूजर.नेम "तुमचं नाव"
गिट कॉन्फिग --ग्लोबल यूजर.ईमेल "तुमचा ईमेल"

हे नाव-ईमेल प्रत्येक नोंदीत कायमचं बसतं. उद्या कोड सगळ्यांना दिसेल असा ठेवलात तर ईमेलही दिसेल, तेव्हा कोणता द्यायचा ते आत्ताच ठरवा.

फोल्डर कुठं ठेवता ते पाहा. विंडोज 10 मध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स पुष्कळदा वनड्राइव्हला जोडलेले असतात. गिट त्याच्या लपलेल्या ".गिट" फोल्डरात बारीक फाइली सतत बदलतं, वनड्राइव्ह त्याच वेळी त्या उचलतो, आणि इतिहास बिघडतो. "डी:/कोड/खरेदी" अशी साधी जागा बरी.

आता त्या फोल्डरात जाऊन:

गिट इनिट -बी मेन

याने त्या फोल्डरात गिट सुरू होतं; मेन हे मुख्य ब्रँचचं, म्हणजे इतिहासाच्या फांदीचं, नाव. लगेच काही ॲड करू नका. आधी ".गिटइग्नोर" नावाची साधी मजकुराची फाइल बनवा आणि तिच्यात एकेका ओळीवर जे नको ते लिहा: व्हेन्व फोल्डर (पायथनच्या लायब्ररी), __पायकॅश__ फोल्डर (पायथनच्या तात्पुरत्या फाइली), .ईएनव्ही फाइल (पासवर्डसारखी सेटिंगं), आणि *.डीबी (डेटाबेसच्या फाइली). नोटपॅडमध्ये सेव्ह करताना शेवटी .टीएक्सटी चिकटलं तर गिट ही फाइल ओळखत नाही. "सेव्ह ॲज टाइप"मध्ये "ऑल फाइल्स" निवडा.

डेटाबेसचं उत्तर इथंच आलं: टाकायचा नाही. एक तर ती बायनरी, म्हणजे साधा मजकूर नसलेली, फाइल आहे. दोघांच्या दोन डीबी फाइली गिटला एकत्र करता येत नाहीत, एकच ठेवावी लागते, म्हणजे दुसऱ्याच्या सगळ्या पावत्या गेल्या. दुसरं, तिच्यात शेतकऱ्यांचे आधार आणि बँक खात्यांचे नंबर असणार. एकदा इतिहासात गेलेली फाइल नंतर डिलीट केली तरी जुन्या नोंदींत राहते. गिटमध्ये टाकायची ती टेबलं बनवणारी एसक्यूएल फाइल, म्हणजे रिकामा सांगाडा. डेटाचा बॅकअप वेगळा घ्या, आणि प्रोग्रॅम चालू असताना फाइल नुसती कॉपी करू नका. लिहिणं अर्धवट असेल तर कॉपी बिघडलेली निघते. एसक्यूलाइटची ".बॅकअप" कमांड त्यासाठीच आहे.

मग रोजचं काम, एवढंच:

गिट स्टेटस
गिट डिफ
गिट ॲड हिशोब.पीवाय
गिट कमिट -एम "तोलाई क्विंटलऐवजी पोत्यावर मोजली"
गिट लॉग --वनलाइन

स्टेटस कोणत्या फाइली बदलल्या ते सांगतं, डिफ ओळीओळीचा फरक, लॉग आधीच्या नोंदी. ॲड आणि कमिट वेगळे काहून, हे नव्या माणसाला खटकतंच. ॲड म्हणजे पोतं काट्यावर ठेवणं, कमिट म्हणजे पावती फाडणं. दहा फाइली बदलल्या असतील तरी एका कामाच्या तीनच काट्यावर ठेवा, त्यांची एक पावती करा, उरलेल्यांची दुसरी. एकाच फाइलीत दोन कामांचे बदल मिसळले असतील तर "गिट ॲड -पी" एकेक तुकडा दाखवून वाय की एन विचारतं. आणि लक्षात ठेवा, ॲड केल्यावर फाइल पुन्हा बदलली तर तो नवा बदल कमिटमध्ये जात नाही, पुन्हा ॲड करावं लागतं. "मी तर कमिट केलं होतं" ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. कमिटच्या आधी "गिट डिफ --स्टेज्ड" मारलं की नेमकं काय जाणार ते दिसतं.

निरोप मराठीत लिहिला तरी चालतो. फक्त "बदल केले" असं लिहू नका. बदल केले हे गिटला माहीत आहे. काय आणि का ते लिहा.

ही पाच कमांडं दोघांच्या हाताला बसेपर्यंत ब्रँच, रिबेस वगैरे उघडूही नका, असं माझं मत.


वर्धाकाठ

वरचं सगळं बरोबर. देवाणघेवाणीचं मी सांगतो. आठवड्यातून दोनदा तालुक्याला जाणं होत असेल तर पेन ड्राइव्हच तुमचा सर्व्हर. गिटला पलीकडे गिटहब आहे की पेन ड्राइव्ह, काही फरक पडत नाही.

पेन ड्राइव्ह ई: आहे असं धरू. प्रोजेक्टच्या फोल्डरात उभं राहून:

गिट क्लोन --बेअर . ई:/खरेदी.गिट
गिट रिमोट ॲड पेन ई:/खरेदी.गिट
गिट पुश पेन मेन

क्लोन म्हणजे इतिहासासकट प्रत, रिमोट म्हणजे पलीकडची जागा, पुश म्हणजे तिथं पाठवणं. "बेअर" म्हणजे कामाच्या फाइली नसलेला नुसता इतिहास. पेन ड्राइव्हवर तोच पायजे. साधं फोल्डर ठेवलं तर त्याच्या चालू ब्रँचवर पुश करायला गिट नकार देतं. पेन ड्राइव्ह उघडून तुमच्या .पीवाय फाइली तिथं दिसल्या नाहीत तर घाबरू नका, दिसणारच नाहीत.

जोडीदाराच्या लॅपटॉपवर एकदाच:

गिट क्लोन -ओ पेन ई:/खरेदी.गिट

इथं नव्व्याण्णव वेळा अडतं ते "डिटेक्टेड ड्युबियस ओनरशिप" या ओळीवर. पेन ड्राइव्ह एफएटी32 किंवा एक्सएफएटीने फॉरमॅट असतो आणि त्यात फाइलीचा मालक कोण ते लिहायची सोयच नाही. 2022 च्या एप्रिलपासून, म्हणजे 2.35.2 पासून, मालक जुळला नाही तर गिट थांबतं. ते सुरक्षेसाठी आहे, तुमचं काही मोडलेलं नाही. त्याच संदेशात उपायाची कमांड छापून येते, ती उतरवून द्या:

गिट कॉन्फिग --ग्लोबल --ॲड सेफ.डिरेक्टरी ई:/खरेदी.गिट

दुसऱ्या मशीनवर तोच ड्राइव्ह एफ: झाला तर "गिट रिमोट सेट-यूआरएल पेन एफ:/खरेदी.गिट" आणि सेफ.डिरेक्टरी पुन्हा, नव्या अक्षराने. यापेक्षा डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन दोन्हीकडे एकच अक्षर बांधून टाका.

पुश झाल्यावर ड्राइव्ह उपटू नका. इजेक्ट करा. विंडोज लिहिणं मागे ठेवत असेल तर अर्धी फाइल घेऊन फिराल.

आणि जाणं झालंच नाही तर तुमची व्हॉट्सॲपची सवयही वाया जाणार नाही. झिपऐवजी बंडल पाठवा:

गिट बंडल क्रिएट खरेदी.बंडल --ऑल

ही एक फाइल, आत पूर्ण इतिहास. डॉक्युमेंट म्हणून पाठवायची. समोरच्याकडे "गिट क्लोन खरेदी.बंडल खरेदी" म्हटलं की फोल्डर तयार. लगेच "गिट टॅग -एफ पाठवलं" अशी खूण लावून ठेवा. पुढच्या वेळी फक्त नवं पाठवायचं:

गिट बंडल क्रिएट नवं.बंडल पाठवलं..मेन

काही केबीचंच असतं, टूजीवरही निघून जातं. तिकडे "गिट पुल नवं.बंडल मेन" (पुल म्हणजे नवं घेऊन आपल्यात जोडणं). मधलं एखादं बंडल पोचलंच नसेल तर गिट स्पष्ट सांगतं की आधीची अमुक कमिट माझ्याकडे नाही. झिपने हे कधीच सांगितलं नसतं. टॅग प्रत्येक वेळी पुढे सरकवायचा विसरू नका, नाहीतर बंडल दर वेळी फुगत जातं.


काळीमाती

वर्धाकाठ भाऊ, बंडल लय कामाचं निघालं. पऱ्हाटी यांनी सांगितल्याप्रमाणे पहिली कमिट केली, पण दोन गोष्टी अडल्या. गिट स्टेटसमध्ये "नोंदणी" नावाची फाइल \340\244\250 असल्या आकड्यांत दिसते. आणि एकदा -एम लिहायचं राहिलं तर कसली तरी खिडकी उघडली, तिच्यातून बाहेर पडता येईना, शेवटी टर्मिनलच बंद केलं.


टर्मिनल_अकोट

आकडे म्हणजे तुमच्याच अक्षरांचे बाइट. इंग्रजीबाहेरची नावं गिट सवयीने अशी दाखवतं. 340, 244, 250 हे मिळून "न". उपाय:

गिट कॉन्फिग --ग्लोबल कोर.कोटपाथ फॉल्स

फाइलीला काही झालेलं नाही. तरीपण कोडच्या फाइलींना इंग्रजी नावं ठेवा, मराठी आत कॉमेंटमध्ये आणि कमिटच्या निरोपात लिहा. टर्मिनलमध्ये दर वेळी कीबोर्ड बदलत बसणं कटकटीचं आहे.

ती खिडकी विम या एडिटरची. एस्केप दाबा, मग :डब्ल्यूक्यू लिहून एंटर, म्हणजे सेव्ह करून बाहेर. कमिट करायचीच नसेल तर :क्यू आणि उद्गारचिन्ह. निरोप रिकामा राहिला की गिट कमिट रद्द करतं. कायमचं सुटायचं तर "गिट कॉन्फिग --ग्लोबल कोर.एडिटर नोटपॅड". तसंच गिट लॉग लांब असला की खाली नुसता : दिसून अडकल्यासारखं होतं, तिथं क्यू दाबायचा.

अजून न दिसलेली तिसरी अडचण आत्ताच मिटवा. विंडोज ओळीच्या शेवटी दोन अक्षरं लिहितं, लिनक्स एक. एका एडिटरने ती बदलली की फाइलीची प्रत्येक ओळ बदलल्याचं डिफ सांगतं आणि खरा बदल त्यात हरवतो. फोल्डरात ".गिटॲट्रिब्यूट्स" फाइल करून एकच ओळ टाका:

* टेक्स्ट=ऑटो

आणि ती कमिट करा. मशीनवरच्या सेटिंगपेक्षा ही फाइल बरी, कारण ती क्लोनसोबत जोडीदाराकडेही जाते.

व्हेन्व किंवा डीबी आधीच कमिट झाली असेल तर नंतर .गिटइग्नोरमध्ये लिहून काही होत नाही. ज्या फाइलीवर गिटची नजर एकदा बसली, तिला इग्नोर लागू नाही. "गिट आरएम --कॅश्ड खरेदी.डीबी" आणि मग कमिट. --कॅश्ड सोडलं तर डिस्कवरची फाइलही जाते, हे सांभाळा. इतिहासातली प्रत याने निघत नाही. अजून कुणाला पाठवलं नसेल तर सरळ .गिट फोल्डर उडवून नव्याने इनिट करणं सगळ्यात स्वस्त.


मेळघाट_बिट

डेस्कटॉपला इन्व्हर्टर नाही म्हणालात, म्हणून लाइट गेल्यावर काय होतं ते आधीच माहीत असू द्या.

हलका प्रकार: लाइट आल्यावर कोणतीही कमांड "अनदर गिट प्रोसेस सीम्स टू बी रनिंग" म्हणते. गिट काम सुरू करताना .गिट फोल्डरात इंडेक्स.लॉक फाइल करतं आणि संपल्यावर काढतं. मध्येच लाइट गेली की ती राहून जाते. दुसरी गिट खिडकी किंवा व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर) उघडं नाही ना ते पाहा, मग ती फाइल डिलीट करा.

जड प्रकार: "ऑब्जेक्ट फाइल इज एम्प्टी". कमिट झाली असं तुम्हाला दिसलं, पण डिस्कवर बाइट उतरायच्या आत लाइट गेली, आणि शून्य आकाराची फाइल उरली. इंटरनेटवरचे उपाय लगेच फाइली उडवायला लावतात. तसं करू नका. आधी अख्खं फोल्डर .गिटसकट दुसरीकडे कॉपी करा. मग पेन ड्राइव्हवरून नव्या जागी क्लोन करा आणि बिघडलेल्या फोल्डरातल्या फक्त कामाच्या फाइली (.गिट सोडून) त्यावर ठेवा. गिट स्टेटस, गिट डिफ पाहा, कमिट करा. शेवटच्या पुशनंतरच्या कमिटांचे निरोप जातील, काम जाणार नाही. म्हणून संध्याकाळी काम थांबवताना पुश कराच.

गिट 2.36 किंवा पुढचं असेल तर "गिट कॉन्फिग --ग्लोबल कोर.एफसिंक ऑल" देऊन ठेवा. प्रत्येक गोष्ट डिस्कवर उतरल्याची खात्री करूनच गिट पुढे जातं. किंचित मंद होतं, एवढ्या प्रोजेक्टला जाणवणारही नाही.

मागे फिरण्याचं कुणी लिहिलं नाही, ते सांगतो, कारण नुकसान तिथंच होतं.

कमिट न केलेला बदल नको असेल तर "गिट रिस्टोअर फाइल". हा गेलेला बदल गिटकडे कुठंच नसतो, तेव्हा आधी गिट डिफ पाहा. नुसतं काट्यावरून उतरवायचं असेल तर "गिट रिस्टोअर --स्टेज्ड फाइल", यात मजकूर सुरक्षित. जुन्या लेखांत या दोन्हीसाठी चेकआउट आणि रिसेट दिसेल. रिस्टोअर आणि स्विच 2019 मध्ये आले.

शेवटच्या कमिटचा निरोप चुकला आणि अजून पाठवली नाही तर "गिट कमिट --अमेंड". पाठवलेली कमिट मात्र बदलू नका. ती उलटवायची तर "गिट रिव्हर्ट" आणि तिचा क्रमांक, लॉगमध्ये दिसणारी पहिली सात अक्षरं पुरतात. जुनी नोंद तशीच राहते, तिच्या उलट बदलाची नवी नोंद होते. पैशाच्या हिशोबाच्या प्रोग्रॅमला हेच शोभतं.

"गिट रिसेट --हार्ड" कुठं वाचून लगेच मारू नका. गिटच्या नजरेतल्या फाइलींतले कमिट न केलेले बदल पुसतं. कमिट केलेलं गेलंय असं वाटलं तर "गिट रिफ्लॉग" बघा. तुमचं मशीन कुठकुठल्या कमिटवर उभं होतं त्याची यादी मिळते. त्यातला क्रमांक घेऊन "गिट स्विच -सी वाचवलं क्रमांक" दिलं की काम परत हातात. कुठल्याच ब्रँचला न जोडलेल्या अशा नोंदी साधारण 30 दिवस राहतात, त्यामुळे पुढच्या महिन्यावर ढकलू नका.


पऱ्हाटी

दोघांनी एकाच फाइलीत हात घातला तर काय, हे राहिलंच. आणि तुमचा दबलेला हमालीचा बदलही यातच बाहेर निघतो.

दोघांकडे सारखी असलेली शेवटची झिप शोधा. तिच्यातल्या फाइली रिकाम्या फोल्डरात टाका, वरच्यासारखंच गिट इनिट -बी मेन, पहिली कमिट. मग:

गिट स्विच -सी जोडीदार

.गिट, .गिटइग्नोर आणि .गिटॲट्रिब्यूट्स सोडून बाकी फाइली काढा, त्याच्या झिपमधल्या ठेवा, "गिट ॲड -ए", कमिट. आता "गिट स्विच मेन", फाइली पुन्हा मूळ झिपच्या झालेल्या दिसतील. त्याच पद्धतीने तुमच्या ठेवा, ॲड, कमिट. शेवटी:

गिट मर्ज जोडीदार

मर्ज म्हणजे दोन फांद्या जोडणं. गिट तिन्ही प्रती ताडून पाहतं: मूळ, त्याची, तुमची. ज्या ओळी एकानेच बदलल्या त्या आपोआप येतात, फाइल एकच असली तरी. त्याची हमाली एका भागात आणि तुमची तोलाई दुसऱ्या भागात असेल तर दोन्ही येऊन बसतील. मूळ झिप नसेल तर हे जमत नाही, कारण कोणी काय बदललं ते ठरवायला गिटकडे आधारच उरत नाही.

भांडण होतं ते एकच किंवा शेजारच्या ओळी दोघांनी वेगळ्या केल्या तर. फाइल उघडल्यावर असं दिसेल:

<<<<<<< हेड
ओलावा_मर्यादा = 12
=======
ओलावा_मर्यादा = 10
>>>>>>> जोडीदार

वरचं तुमचं, खालचं त्याचं. गिट कोणाची बाजू घेत नाही. जोडीदाराला फोन लावा. सरकारी हमीभाव खरेदीत सोयाबीनला 12 टक्के ओलाव्याची अट असते, तेव्हा 12 बरोबर असू शकेल. पण त्याने 10 हा गटाचा स्वतःचा नियम म्हणून टाकला असेल तर दोन्ही पायजेत, वेगळ्या नावांनी. ठरलं की हवी ती ओळ ठेवा, तिन्ही खुणांच्या ओळी पुसा, सेव्ह, गिट ॲड, गिट कमिट. गोंधळ झालाच तर "गिट मर्ज --अबॉर्ट", सगळं मर्जच्या आधीसारखं.

एक गोष्ट कुणी सांगत नाही: भांडण झालं नाही म्हणजे मर्ज बरोबर झाला असं नाही. त्याने फंक्शनचं नाव बदललं आणि तुम्ही दुसऱ्या फाइलीत जुन्या नावाने हाक मारली, तर गिट गुपचूप जोडून देतं आणि प्रोग्रॅम चालवल्यावर फुटतो. मर्जनंतर एक खोटी पावती फाडून बेरीज तपासायचीच.

रोजच्या कामात पुलऐवजी आधी "गिट फेच पेन" (नुसतं आणणं, जोडणं नाही), मग "गिट लॉग मेन..पेन/मेन --वनलाइन" म्हणजे त्याने काय पाठवलं ते दिसतं, आणि मग "गिट मर्ज पेन/मेन". नव्या गिटमध्ये दोन्हीकडे कमिटा झालेल्या असताना नुसतं पुल केलं तर मर्ज करू की रिबेस ते ठरवा म्हणून ते थांबतं. दोन पायऱ्यांत केलं की तो प्रश्नच येत नाही.

पुश नाकारला गेला, "फेच फर्स्ट" आलं, तर तेच करायचं: फेच, मर्ज, पुन्हा पुश. --फोर्स लावू नका. त्याने जोडीदाराच्या कमिटा पेन ड्राइव्हवरून उडतात. तुमची झिपचीच गोष्ट झाली की मग.


टर्मिनल_अकोट

रिबेस उघडू नका हे मला पूर्ण पटत नाही. न पाठवलेल्या स्वतःच्या कमिटांवर "गिट रिबेस पेन/मेन" केलं, म्हणजे त्या जोडीदाराच्या कमिटांपुढे पुन्हा लावल्या, तर इतिहास सरळ राहतो, आणि सरळ इतिहासात बायसेक्ट (चूक कोणत्या कमिटपासून ते शोधणं) सोपं जातं. बेरीज कधीपासून चुकते ते शोधायचं असेल तर "गिट बायसेक्ट स्टार्ट", "गिट बायसेक्ट बॅड", आणि बरोबर असलेल्या जुन्या कमिटचा क्रमांक देऊन "गिट बायसेक्ट गुड". गिट मधली कमिट समोर ठेवतं, तुम्ही चालवून गुड की बॅड सांगायचं. 64 कमिटांत दोषी सापडायला साधारण सहा तपासण्या लागतात. शेवटी "गिट बायसेक्ट रिसेट".

पुढेमागे गिटहबवर जायचं झालं तर: खाजगी रेपो (गिटचं फोल्डर) दोघांसाठी फुकट आहे. 13 ऑगस्ट 2021 पासून टर्मिनलमध्ये खात्याचा पासवर्ड चालत नाही. विंडोजवर पहिल्या पुशला ब्राउझर उघडून लॉगिन मागतो, ते पुरतं. 100 एमबीपेक्षा मोठी फाइल गिटहब घेतच नाही. एसएसएच (पासवर्डऐवजी किल्लीच्या फाइलीने जोडण्याची पद्धत) वापरणार असाल आणि कॉलेजच्या वायफायवर पोर्ट 22 बंद असेल तर एसएसएच.गिटहब.कॉम हा पत्ता पोर्ट 443 वर घ्या. हॉटस्पॉटवर मोठा क्लोन मध्येच तुटला तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. लोकांची मोठी प्रोजेक्टं उतरवताना "--डेप्थ 1" लावा, फक्त शेवटची स्थिती येते.

तुमचं काम सध्या पेन ड्राइव्ह आणि बंडलवर नीट चालेल.


काळीमाती

मूळ झिप त्याच्या फोनमध्ये सापडली, मर्ज झाला, हमाली परत आली. ओलाव्यावर खरंच भांडण दाखवलं. 10 त्याने गटासाठी टाकला होता, आता दोन नावं केली. शेवटचं विचारतो: भावाची एक्सेल शीट प्रोग्रॅमसोबत लागते, ती गिटमध्ये टाकू का?


वर्धाकाठ

टाकता येते, पण एक्सेल फाइल गिटला आतून वाचता येत नाही. "बायनरी फाइल्स डिफर" एवढंच दाखवेल, आणि दोघांनी बदलली तर एकाचीच ठेवावी लागेल. तिच्यात नुसते पिकांचे भाव असतील तर सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) म्हणून सेव्ह करा. निवडताना "सीएसव्ही यूटीएफ-8" घ्या, साध्या सीएसव्हीत मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात. एका ओळीत एक पीक ठेवलं की तुरीचा भाव कोणी, कधी बदलला ते "गिट ब्लेम भाव.सीएसव्ही" त्या ओळीसमोरच दाखवतं. पायथनमध्ये ती वाचताना एन्कोडिंग "यूटीएफ-8-सिग" द्या, कारण एक्सेल सुरुवातीला एक न दिसणारी खूण घालतं आणि त्यामुळे पहिल्या रकान्याचं नाव जुळत नाही.